पांढऱ्या शिवणींचा लाल झगा

ओल्शिना,
८ मे २००३, संत स्तानिस्लाव्हचा सण

ती. स्तेफानिया वन्सं यांच्या सेवेशी, लेओकादियाचा सा. न. वि. वि. देवमातेच्या कृपेने इकडे सारं ठीक. तुमचे बंधू बरे आहेत. गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि त्याच्या जोडीने तेही.

तुम्ही बसच्या ड्रायव्हरकडे दिलेलं मंजिष्ठेच्या मुळांचं पोतं पोचलं. देव तुमच्या वाफ्यांना उदंड देवो! मुळं धुताना माझी बोटं अशी रंगली, की रविवारी चर्चला हातमोजे घालून जावं लागलं. मे महिन्यात हातमोजे बघून शेजारच्या वांदाबाईंनी माझ्या त्वचेच्या आरोग्यासाठी प्रार्थना केली म्हणे. केली तर केली, प्रार्थना कुठे वाया जात नाही.

आता मुळं कशाला हवी होती ते सविस्तर लिहिते. तुमच्या भाच्याचं, आपल्या रादेकचं लग्न २८ जूनला ठरलं. तो आणि त्याची मंडळी दर उन्हाळ्यात किल्ल्याच्या पडक्या तटात आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांसारखी राहतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नही तिथल्याच देवळीत, त्या जुन्या इवल्या प्रार्थनाघरात होणार. फादरनी मान्यता दिली. पण तटाच्या आत जायचं तर अंगावरचा कपडा हाताने शिवलेला आणि झाडपाल्याने रंगवलेला हवा. त्यांच्यातल्या कोर्नेलियाबाई दारावर उभं राहून एकेकाची बाही उलटून बघतात. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या जावयाला परत पाठवला.

मुलगी इलोना. गुणी आहे, कष्टाळू आहे, पण वन्सं, कुणाचं काही घ्यायचं म्हटलं की अंग चोरते. आईबाप नाहीत. लहानपणी तिला एकामागून एक घरांत ठेवलं आणि दर घराने तिला अनाथाश्रमात परत पाठवलं. मी लोणच्याच्या काकड्यांची बरणी दिली, तर दुसऱ्याच दिवशी बरणी लखलखीत धुऊन, आत साखर भरून परत! लग्नाचा झगा ती भाड्याने आणणार होती. मी म्हटलं, मी शिवते. ती म्हणाली, की चालेल. पहिल्यांदाच तिने माझ्याकडून काही घ्यायला होकार दिलाय. अजून ती मला कशानेच हाक मारत नाही. ना बाई, ना आई, नुसतं ऐका ना. हा झगा बिघडला, तर ती जन्मभर माझ्या घरी पाहुणीसारखी येईल आणि खुर्चीच्या टोकावर बसून जाईल. म्हणून एवढी धडपड.

मुळांचं पुढे काय करायचं ते कृपा करून कळवावं. लोभ आहेच, तो रंगासारखा पक्का राहो.

आपली,
लेओकादिया


लिपोवो,
१४ मे

चि. सौ. लेओकादिया हिस, स्तेफानियाचे अ. आ. तुझं पत्र पोचलं. पाकीट वीजबिलाचं होतं, उलटं करून डकवलेलं. पोस्टमन म्हणाला, की बाई, बिलाची मुदत उलटून गेलीय. गावभर झालं. पुढच्या वेळी निदान पाण्याच्या बिलाचं वापर, ते कमी असतं.

आता नीट वाच. कापड आधी तुरटीच्या पाण्यात मुरव. मुळं चेचून भिजत घाल. मग भांडं मंद आचेवर ठेव, पाणी कढत होऊ दे, पण उकळी फुटता कामा नये. मंजिष्ठेला उकळी फुटली की लाल पळतो आणि मातकट तपकिरी राहतो. मग ती वधू कसली, कुंभाराचं मडकं दिसेल. कापड आणि दोरा एकदमच बुडव, म्हणजे रंग जुळेल. आणि सारखं काठीने हलवत राहा. त्या वेळी जपमाळ घेऊन बसू नकोस, तुझे डोळे मिटतात.

मी स्वतः आले असते. पण ख्रिस्तदेहाच्या सणाच्या मिरवणुकीत फादरच्या डोक्यावर धरायचं छत उंदरांनी कुरतडलंय. जुन्या चांदीच्या कलाबतूचं काम, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन घेत नाही. सणापर्यंत मी चर्चच्या मागच्या खोलीतच आहे असं समज.

मुलीबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. साखर भरून बरणी परत करणारी माणसं मला आवडतात. आपल्या घरात तेवढी रीत कुणाला होती? झिग्मुंटला सांग, गुडघ्याला कोबीचं पान बांध आणि तोंडालाही.

तुझी शुभचिंतक,
स्तेफानिया


ओल्शिना,
९ जून, पेंटेकॉस्टचा दुसरा दिवस

ती. वन्सं, सा. न. वि. वि. आज क्षेमकुशल लिहायलाही हात धजत नाही.

शनिवारी रंगवलं. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. तुरटी, मंद आच, उकळी नाही, जपमाळ नाही. फक्त एक शहाणपण माझं घातलं. मनात आलं, की सबंध कापड रंगवायचं आणि मग त्यातली कातरणं फेकायची म्हणजे तुमच्या मुळांची नासाडी. त्यापेक्षा झगा आधी कापून शिवून घ्यावा, मग रंगवावा. कापडही रंगेल, दोराही रंगेल. महिनाभर हाताने बारीक टाके घातले, प्रत्येक शिवण दुमडून दोनदा. दोऱ्याचं पांढरं रीळ खणात पडून होतं, चांगलं मजबूत. तेच वापरलं.

झगा भांड्यातून काढून वाऱ्यावर टाकला, आणि वन्सं, काय रंग आला म्हणून सांगू! पिकल्या चेरीसारखा. तुमचे बंधू परसात आले आणि टोपी काढून उभे राहिले. मग मी जवळ गेले. बाहीवर, कडेवर, गळ्याला, घेरावर, जिथे जिथे शिवण तिथे पांढरीशुभ्र रेघ. जणू कुणी खडूने झगा आखून ठेवलाय. दोऱ्याने रंगाचा थेंबसुद्धा घेतला नाही. तुकडा मेणबत्तीवर धरला, तर राख व्हायच्या जागी काळी घट्ट गोळी झाली. प्लॅस्टिकचा दोरा, वन्सं! कोर्नेलियाबाई दहा पावलांवरून ओळखतील.

काखेत थोडं उसवून पाहिलं. टाके इतके जवळजवळ आहेत, की दोऱ्याबरोबर कापडाचे धागे सुटू लागले. शिवाय दुमडीच्या आत रंग पोचलेलाच नाही. मुळं संपली. विणकरणीने नवं कापड विणून देईपर्यंत ऑगस्टची कापणी येईल.

झगा कपाटात लपवलाय. इलोनाने विचारलं, तर मी सांगितलं की अजून वाळतोय. खोटं बोलले. शनिवारी फादरपाशी कबूल करीन, पण तिच्यापाशी कसं करू? तिला हेच वाटेल, की हिने मनापासून केलं नाही, हाताला लागेल तो दोरा घेतला. आणि घेतला होताच की!

काही सुचत असेल तर कळवा. आता तुमचाच आधार.

लेओकादिया


लिपोवो,
१२ जून

चि. सौ. लेओकादियास अ. आ. कातरणं वाचवलीस आणि झगा घालवलास असं मी लिहिणार होते, पण लिहीत नाही. बघ, किती सुधारले.

आता रडणं पुरे. सोबतच्या पुडक्यात लोकरीचे गुंडे आहेत. पिवळा माझ्या कुंपणालगतच्या रेझेदाच्या झुडपांचा, निळा नीळपानाचा. दोन्ही कोर्नेलियाच्या पसंतीचे, ती माझ्याकडूनच नेते. पूर्वीच्या बायका शिवणींवर भरतकाम करायच्याच. शिवण झाकली जाते, वर बळकटही होते. तू पांढऱ्या रेघेच्या एका अंगाला टाका घाल, मग दुसऱ्या अंगाला, माशाच्या काट्यासारखा तिरपा, एकावर एक चढवत. पिवळा संपला की त्याच्या मधून निळा. रेघ दिसेनाशी होईल. लोकर खेचू नकोस, नाहीतर शिवण चुण्या धरेल.

तू विचारण्याआधीच उत्तर देते, कारण तुझा जीव कशात अडकतो ते मला कळतं. आत प्लॅस्टिक आणि वर भरतकाम, ही देवाच्या दारातली लबाडी नव्हे का? नव्हे. पण कोर्नेलियाला आधी जाऊन सांग. तिच्या दारातून चोरासारखी गेलीस, तर लग्न लागेपर्यंत तुझं लक्ष शिवणीवर राहील, देवावर नाही. आणि त्या मुलीलाही तूच सांग. झिग्मुंट सांगायच्या आत सांग. त्याच्या पोटात बोर्श्तचं सारसुद्धा टिकत नाही, गोष्ट काय टिकणार!

एवढ्या शिवणी एका हाताने दोन आठवड्यांत होणं कठीण आहे, हे मला कळतंय. माझी सुटका असती तर धावत आले असते. देवमाता तुझ्या बोटांना बळ देवो.

स्तेफानिया


ओल्शिना,
२१ जून

ती. वन्सं, शि. सा. न. वि. वि. तुमचे उपकार कोणत्या शब्दांनी फेडू? गुंडे पोचले त्याच दुपारी सुई धरली. पण मधे जे झालं ते आधी ऐका.

तुमचं पत्र वाचून मी ठरवलं होतं, की रविवारी इलोनाला जेवायला बोलवून सांगावं. पण ती मागच्या शुक्रवारीच आली, रादेकचे बूट द्यायला. मी दुकानात गेले होते. तुमच्या बंधूंना राहवलं नाही. तुझ्या सासूने काय केलंय बघ तर खरं, असं म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानाने कपाटच उघडलं! त्यांना रंग तेवढा दिसला होता, रेघा दिसल्याच नव्हत्या. मी परतले तेव्हा ती झगा मांडीवर घेऊन बसलेली. एका शिवणीवरून बोट फिरवत होती. मी दोऱ्याचं सगळं सांगून टाकलं, माफीही मागितली. तिने झगा घडी करून ठेवला आणि गेली. मी तुमच्या बंधूंना एवढं बोलले, एवढं बोलले, की ते बिचारे कोंबड्यांच्या खुराड्याची डागडुजी करायला निघून गेले. खुराड्याला काही झालेलं नव्हतं.

रात्रभर मला वाटत राहिलं, की संपलं. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून ती थेट दारात उभी. हातात स्वतःची सुई. विचारलं काय, तर कुठली बाजू रिकामी आहे. मी डावी बाही दिली.

तेव्हापासून रोज येते. तिला भरतकाम मुळीच येत नाही, वन्सं. तिचे टाके म्हणजे पावसात पळणाऱ्या कोंबड्या. पहिल्या दिवशी मी ते गुपचूप उसवायला घेतले, तर तिने बघितलं आणि म्हणाली, की राहू द्या, ती बाही माझी आहे. राहू दिले. काल चुक्याचं सार केलं होतं. तिने स्वतः उठून डाव घेतला आणि पुन्हा वाढून घेतलं. मी मान खाली घालून टाके मोजत राहिले, डोळे भरले ते दिसू नयेत म्हणून.

कोर्नेलियाबाईंकडेही जाऊन आले. त्यांनी झगा उलटसुलट केला, मला अर्धा तास बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, की वर लोकर आहे तर येऊ दे, त्यांच्या नवऱ्याच्या चिलखताखाली नायलॉनचा पट्टा आहे हे त्यांना ठाऊक नाही असं त्याला वाटतं. वन्सं, परमेश्वर दयाळू आहे, आणि अधूनमधून कोर्नेलियाबाईसुद्धा.

घेर अजून व्हायचाय. तुम्ही लग्नाला नक्की या. उंदरांना सुट्टी द्या.

तुमची ऋणी,
लेओकादिया


ओल्शिना,
३ जुलै

ती. आत्याबाई यांना इलोनाचा सा. न. मला अशी पत्रं लिहायची सवय नाही. सुरुवात कशी करायची ते रादेकला विचारलं, तर त्यालाही येईना. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

लग्नात तुम्ही भेटलात, पण गर्दीत मला काही बोलता आलं नाही. मला माणसांसमोर आभार मानता येत नाहीत. आश्रमात वाढदिवसाला कुणी देणगीदार यायचे, तेव्हा रांगेत उभं राहून आम्ही आभाराचं गाणं म्हणायचो. अंगातले कपडे दुसऱ्या कुणाचे असायचे, कॉलरवर त्यांचं नाव असायचं. तेव्हापासून कुणी काही दिलं, की मला आधी वाटतं, आता हे कसं फिटायचं.

झगा शिवायला मी हो म्हटलं आणि त्या रात्रीच घाबरले. त्या एवढं सुंदर काही करतील, आणि मग मला जन्मभर तेवढंच सुंदर वागावं लागेल, असं वाटलं. कपाटातून झगा बाहेर आला तेव्हा पांढऱ्या रेघांवर एकेक टाका दिसत होता. इतके बारीक, आणि एकही वाकडा नाही. रंग चढला असता, तर त्यांनी किती काम केलंय ते मला कधी कळलंच नसतं. आणि आता त्या अडचणीत होत्या. त्यांना मदत हवी होती. मदतीला जायचं असेल, तर माणूस पाहुणा राहत नाही ना? घरी जाऊन मी शेजारणीकडून सुई मागून आणली.

लग्नाच्या दिवशी तुम्ही देवळीत पुढे जाऊन बसला होतात, म्हणून दारावर काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल. कोर्नेलियाबाईंनी माझे दोन्ही हात वर करायला लावले. उजवी बाही बघून मान डोलावली. डावी बघून विचारलं, की हे कोणी केलंय, मांजराने का? मी म्हटलं, की हे मी केलं, आणि उजवी आमच्या आईंनी.

आधीपासून ठरवलेलं नव्हतं. निघून गेलं तोंडून. आई मागेच उभ्या होत्या, स्वागताचं पाव आणि मिठाचं ताट घेऊन. त्या कोर्नेलियाबाईंना सांगायला लागल्या, की दार अडवू नका, मुलीला उन्हात उभं केलंय. आणि ताट मामंजींच्या हातात कोंबून माझा घेर आधीच सरळ होता तो सरळ करत बसल्या, बराच वेळ. फादरना थांबावं लागलं.

एक मागणं आहे. आईंच्या परसात, खुराड्याच्या पलीकडे, उन्हाचा एक पट्टा रिकामा आहे. तिथे मला मंजिष्ठ लावायची आहे. त्या म्हणाल्या, आत्याबाईंना विचार. कोंब केव्हा लावायचे ते कळवा, मी न्यायला येईन. मुळं रंगाला यायला तीन वर्षं लागतात असं कळलं. लागू देत. मी इथेच आहे.

आई सांगतात, की पाकीट नवीन आहे हे तुम्हाला मुद्दाम कळवावं.

आपली,
इलोना