उंबऱ्याशी पुरलेलं मडकं

सर्वादी बाळा,

भरतीचं पाणी आता रोज घरात येतं. पुन्हा भर घालून जमीन उंच केली, तर छतच डोक्याला लागायला लागलं. तुझी आई स्वतःच्या घरात वाकून चालते. हसू नकोस.

भातखाचरांत खेकडे फिरतात. शेजारची लास्तरी परवा होडीत बिऱ्हाड घालून सेमारांग शहरात गेली. सरपंच माझ्यावर चिडले, "काकू, डोंगराकडं सरकार जागा देतंय, आणि तुम्ही इथं पाणी उपसत बसलाय!"

मी म्हटलं, "माझ्या पोराची नाळ-वार उंबऱ्याशी पुरलीय."

"सगळ्यांचीच पुरलीय, काकू. माझीही." एवढं बोलून ते पाण्यातून वाट काढत निघून गेले.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. तू जन्मलास तेव्हा तुझ्या बापानं मडक्यात वार पुरून वर महिनाभर दिवा तेवत ठेवला. म्हणे, पोर कुठंही गेलं तरी घर चुकणार नाही. तू परक्या देशाच्या मासेमारी बोटीवर गेलास. तिथं तापानं गेलास आणि त्यांनी तुला कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं. मूठभर माती नाही की कबर नाही. घरी आली ती नुसती तुझी बॅग.

आता तोच समुद्र उंबऱ्यापर्यंत येतो. भरतीच्या वेळी मी मडक्याच्या जागी दिवा लावते आणि दार लोटत नाही.

डोंगरावर पाणी चढत नाही रे. तिथं तू कसा येशील?

वाट बघणारी,
तुझी आई