रक्षाविसर्जनाची ओळ

आबा,

हे पत्र पानाच्या डमीच्या पाठीमागे लिहितेय. डमी म्हणजे काय ते तुम्हाला एकदा दाखवलं होतं. पेपराएवढा मोठा कागद, त्यावर पेन्सिलीनं रकाने आखलेले, आणि कुठं कुठली बातमी येणार ते चौकोन काढून ठरवायचं. आमच्या विभागाच्या सराव अंकाचं पहिलं पान या वेळी माझ्याकडं होतं. ते मघाशी छापायला गेलं. वर्गात आता कोणी नाही. हा कागद एका बाजूनं कोरा राहिला होता, आणि तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलणं तुंबलंय.

आधी राग सांगून टाकते, नाहीतर तो पत्रभर आडून आडून येत राहील. छातीत दुखत होतं तर "पित्त हाय गं" असं का म्हणत राहिलात? सोडा प्यायचा, ढेकर द्यायचा आणि ड्युटीला पळायचं. आईनं विचारलं तर तिच्यावरच डाफरायचं. गडहिंग्लज गाडीच्या कंडक्टरनं रूटवरच्या झाडून सगळ्या माणसांची दुखणी विचारायची आणि स्वतःचं दुखणं तेवढं विनातिकीट घेऊन हिंडायचं, हा कुठला न्याय आबा?

तुम्हाला माझं पहिलं पान आठवतं का? वर्गातला पहिलाच सराव होता. मी मोठ्या ऐटीत डमी घरी आणली होती. तुम्ही ड्युटीवरून आलात, पाय धुतलेत, चहाची बशी हातात घेऊन कागदावर वाकलात. मी सांगितलं, ही वरची सगळ्यात मोठी बातमी, ती लीड. हा फोटो. ही खालची आडवी, ती वाचायला जरा गमतीची.

"आणि निधन कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

"ते आतल्या पानावर असतं आबा."

"आत? मग ह्ये पयलं पान कशाला काढतायसा? बाकीचं समदं मोबाईलवर येतंयच की. पेपर माणसं घेत्यात ती कोण गेलं बघायला."

मी हसले. पण तुमचं खरंच तसं होतं. सकाळी पेपर आला की आधी निधन उघडायचं, आणि प्रत्येक बातमी खालून वर वाचायची. सगळ्यात शेवटची ओळ पहिली. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता, अमक्या गावी. एकदा मी विचारलं, असं उलटं का वाचता? तर म्हणालात, "कवा आन कुठं जायाचं त्ये कळलं की मग कोण गेलं त्ये बघायचं. आधी नाव वाचलं की माणूस वाईट वाटत बसतंय, आन गाडी चुकती."

मग मी शिकवणीच्या थाटात तुम्हाला आमचा नियम सांगितला होता. बातमीत महत्त्वाचं ते वर घ्यायचं, कमी महत्त्वाचं खाली सोडायचं. जागा कमी पडली की खालून कापायचं, डोळे झाकून. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "कापा की. निधनाची तेवढी कापू नगा म्हंजे झालं."

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात सगळ्यांना काही ना काही काम होतं. तात्याकाका स्मशानातलं बघत होते, मामी आईला धरून बसली होती. मला एकच काम येत होतं. मी तुमच्या निधनाची बातमी लिहिली. मनमिळाऊ स्वभावाचे, एसटीत वाहक म्हणून परिचित, पत्नी, मुलगी, भाऊ असा परिवार. आणि शेवटची ओळ, रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता, पंचगंगेवर. ती बातमी निखिलकडं पाठवली. निखिल माझ्या वर्गातला. तो संध्याकाळी इथल्याच एका छोट्या दैनिकात पानं लावायला शिकायला जातो. म्हटलं, आपल्या माणसाच्या हातून जाईल.

सकाळी तात्याकाकांनी पेपर उघडला आणि निधनाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. मग मला म्हणाले, "बाळी, येळ कुठं हाय?"

वेळ नव्हती. मनमिळाऊ स्वभाव होता, परिवार होता, आणि त्याच्याखाली लगेच कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती, हात जोडून हसणारी. रक्षाविसर्जनाची ओळ खालून कापली गेली होती.

मोबाईलवर जमेल तेवढं कळवलं. गल्लीचा ग्रुप, डेपोचा ग्रुप, पाहुणे. पण तुमची माणसं ग्रुपमधली कुठं होती? दुधाचे कॅन गाडीवर चढवणाऱ्या बायका, भाजीच्या पाट्या घेऊन बाजारला येणाऱ्या म्हाताऱ्या, निपाणीच्या पुढची, घाटातल्या वस्त्यांवरची माणसं. त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्येही नव्हता. त्यांना तुम्ही स्टॉपवर भेटत होता. त्यांना तुम्ही गेल्याचं पेपरातनंच कळणार होतं, आणि कळलंही. फक्त यायचं कधी ते कळलं नाही.

रक्षेला किती माणसं होती सांगू? नाही सांगत. तुम्ही डोळ्यांनी मोजणारे, मान खाली घालाल. घरचे, गल्लीतले, आणि ड्युटी नसलेले डेपोतले थोडे. राख सावडून झाली, नैवेद्य ठेवला, आणि तात्याकाका रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"थांबूया जरा," ते म्हणाले. "गडहिंग्लजची गाडी यायची हाय."

सगळे थांबले. भटजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात कुणीतरी स्टँडवर फोन लावून विचारलं, तर गाडी लागून माणसं कधीच उतरून गेली होती. तात्याकाका म्हणाले, "अजून येतील की." मग ऊन चढलं. मग त्यांनीच खाली बघत सांगितलं, "चला, आवरूया." आयुष्यभर दुसऱ्यांच्या रक्षेला मागच्या रांगेत उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्या मागं रांगच नाही. मला त्या दिवशी रडू आलं नाही आबा. मला लाज वाटली, आणि ती कुणाची ते अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात बसाप्पा मिरचीवाले आले. तुमच्या गाडीनं वर्षानुवर्षं पोती घेऊन यायचे तेच. तुम्हाला अण्णा म्हणायचे, मला तंगी म्हणतात, कानडीत धाकटी बहीण. दारात उभे. हातात हार, केळीच्या पानात बांधलेला.

"रक्षा आज हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "पेपरात येळ न्हवती. मी म्हटलं, आमच्यात माणूस पुरत्यात, रक्षा नसती, तुमच्यात दिवस बघून करत असतील. डेपोत इचारलं तर एक जण म्हणाला सोमवारी. म्हणून आलो."

आई म्हणाली, "झाली हो. तिसऱ्या दिवशीच झाली."

हार कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. तुमच्या फोटोला आधीच एक हार होता, दुसरा त्यावर घालायचा धीर त्यांना होईना. शेवटी म्हणाले, "येळ टाकायची न्हाई व्हय तंगी? तू तर पेपराचंच शिकतीयास की." चहा न घेता निघून गेले. त्यांच्या मागून बरेच जण आले, एकेकटे, दहा दिवस, पंधरा दिवस. प्रत्येकाला आईनं तेच सांगितलं. तुम्ही एकदाच गेलात आबा, पण आईला ते दाराशी किती वेळा सांगावं लागलं.

निखिलनं फोन केला होता. "जाहिरात उशिरा आली," तो म्हणाला. "रकान्यात मावत नव्हतं. मी वाचलंच नाही गं. हात गेला आणि खालून उडवलं." तो कसबा बावड्यातला आहे, त्याच्या घरीही पेपर निधनापासूनच उघडतात. बाहेरचा कुणी असता तर समजू शकले असते. आमच्या वर्गात इतकं घोटून घेतलेलं की इथल्या पोराचा हातही इथलं विसरला. मी फोन ठेवला, आणि मग त्याच्याशी बोललेच नाही. वर्गात तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

आणि सरांनी याच अंकाला पान माझ्याकडं दिलं आणि संगणकावर लावायला तो. या अंकाला मार्क आहेत, आणि वर्ष याच्यावर आहे.

बैठकीत लीड ठरली, शहरातल्या पाण्याची. फोटो ठरला. मग मी डमीवर तळाशी आडवा चौकोन काढला, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि आत लिहिलं: निधन.

सर हसले आधी. मग म्हणाले, "पहिल्या पानावर मयतीच्या बातम्या? आपण पेपर काढतोय का तालमीचा फळा?"

"कोण गेलं ते सगळी पेठ त्या फळ्यावरच वाचते सर," मी म्हटलं.

वर्गातल्या पोरींना वाटलं मी तुमच्यासाठी करतेय. त्या म्हणाल्या, आबांचा फोटो टाकूया, मोठा, काळ्या चौकटीत. मी नको म्हटलं. तुमच्या फोटोनं आता कोण गाडी पकडून येणार आहे? तुमची वेळ गेली. ती परत छापता येत नाही. "परीक्षक बाहेरचे असतात," सर म्हणाले. "त्यांना हे कच्चं काम वाटेल. मी सांगायला येणार नाही." मी म्हटलं, चालेल. चालणार नाहीये, मला माहीत आहे. पण म्हटलं.

आम्ही चौकाचौकातले फळे वाचत फिरलो, गावोगावच्या ओळखीच्यांना फोन केले. नुकतेच गेलेले तीन जण मिळाले. त्यातल्या एक हातकणंगलेच्या अनुसया आजी. रेल्वे स्टेशनाबाहेर उकडलेल्या शेंगा विकायच्या. मूलबाळ नाही. फोनवर त्यांची शेजारीण म्हणाली, "पेपरात टाकून काय उपेग बाई, कोण येतंय?" रक्षा कधी ते मी तिला दोनदा विचारलं, आणि वाचून दाखवलं.

आज पान लावताना लीड लांबली. निखिल पडद्याकडं बघत बसला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"कुठलं कापू?"

"लीड काप."

"वरची? सर काय म्हणतील?"

"काप."

त्यानं पाण्याच्या बातमीतलं आयुक्तांचं अख्खं आश्वासन उडवलं. मग निधनाच्या चौकोनातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, ओठ हलवत. त्याचे डोळे भरले होते. मी बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली. "मेलेल्याच्या नावानं राग धरायचा न्हाई," तुम्ही म्हणायचा. ज्यांच्याशी बांधावरून भांडण, त्यांच्याही रक्षेला तुम्ही गेलता. मला ते जमत नाही आबा. आज तरी नाही. पान आम्ही दोघांनी लावलं, एवढंच.

संध्याकाळी अंक आले की गठ्ठा मध्यवर्ती स्टँडवर न्यायचा आहे. तुमच्या डेपोतल्यांनी कबूल केलंय, मुक्कामी जाणाऱ्या प्रत्येक गाडीत थोडे अंक ठेवतील, तिकिटाबरोबर हातात देतील. हातकणंगलेच्या गाडीत जास्त ठेवा म्हणून सांगितलंय.

अनुसया आजींची रक्षा उद्या सकाळी आहे. मी पहिल्या गाडीनं जाणार. तुमचं असायचं तसं मागं उभी राहीन, पुढं पुढं करणार नाही, हात जोडीन आणि वेळेवर परत येईन. कोण येईल, कोण नाही, ते बघत बसणार नाही. यापुढं जिथं मी पान लावीन तिथं आधी ती ओळ वाचीन आणि मग बाकीचं. हा शब्द देते.

एक सांगायचं राहिलं. मी त्या चौकोनात रक्षाविसर्जनाची वेळ नावाच्याही वर घेतली, ठळक. मग आठवलं, तुम्ही खालून वाचता. म्हणून शेवटीही टाकली. सर म्हणाले, एकच गोष्ट दोनदा कशाला? निखिल म्हणाला, "सर, एक कापली तर दुसरी राहील."

तुमची,
बाळी