रिक्त जागांची यादी

प्रिय भिंगरे,

सोमवारी तू फोनवर विचारलंस की माझ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राची जागा आहे का, आणि मी नाही म्हणून फोन ठेवला. तुला ते तुटक वाटलं असणार. प्रवेशाच्या खिडकीवर बसून बसून माझी बोलण्याची तऱ्हाच तशी झाली आहे. परीक्षा विभागातल्या बाई म्हणतात, मी घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा रांगेत उभं करीन. तेव्हा आता सविस्तर लिहितो. मधली सुट्टी आहे, खिडकी बंद आहे आणि कागद माझ्या स्वतःच्या वहीतला आहे.

आधी कामाचं. कॉलेज बदलणाऱ्या मुलांचे अर्ज मी सव्वीस वर्षं घेतो आहे. त्यातली निम्मी एकच चूक करतात. तावातावाने आधी जुन्या कॉलेजातून ना-हरकत दाखला काढतात आणि मग नव्या ठिकाणी विचारायला येतात. दाखला निघाला की तिथली जागा गेली, आणि इथे मिळेलच असं नाही. मग दाखला हातात धरून माझ्यासमोर उभी राहतात आणि मलाच रागावतात. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी नव्या कॉलेजची लेखी संमती, मगच जुन्याचा दाखला. विषय जुळतात का तेही पाहावं लागतं. तुझे मी जुळवून पाहिले. दोन जुळत नाहीत, म्हणजे पहिल्या वर्षाच्या दोन परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील. जागाच नव्हती तर बाबांनी ही उठाठेव कशाला केली, असं तू म्हणशील. जरा थांब.

आमची प्रयोगशाळा तू लहानपणी पाहिली आहेस. एका तराजूभोवती सहा जण; एक वजन करतो, पाच जण वहीत उतरवतात. तुझ्या कॉलेजात तुला स्वतःचं टेबल मिळालं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा चार पानं नुसती त्या टेबलाची होती. कुठली नळी फुटली, कुठला रंग अचानक उतरला, सरांनी कसं वेळ संपल्यावरही थांबू दिलं. ती पानं मी परीक्षा विभागातल्या बाईंना वाचून दाखवली. रसायनशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि मलाही नाही, तरी आम्ही चारही पानं संपवली. मला तुझा फार अभिमान वाटला होता.

मग तू सुट्टीला घरी आलीस. तीन महिने न उलटलेलं कॅलेंडर तू उलटलंस. मी ओट्याशी उभा राहून पातेल्यातूनच जेवतो हे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी दोन ताटं मांडलीस. परत गेल्यावर तुझ्या बोलण्यातून प्रयोगशाळा नाहीशी झाली. तिथलं शिकवणं बेताचं, वसतिगृहात गोंगाट, पाणी जड. अगं, अर्जातल्या कारणाच्या रकान्यात लोक काय काय लिहितात ते वाचण्यात माझं आयुष्य गेलं. तुला कॉलेज बदलायचं आहे ते माझ्यासाठी, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून तू नाव पाण्याचं घेते आहेस.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. तू गेल्यापासून बसून जेवतो. तुझ्या आईला जाऊन दीड वर्ष होईल. संध्याकाळी कुलूप उघडताना अजून नको वाटतं, हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग.

काल खिडकीवर एक मुलगी आली. तुझ्याच वर्षाची, तुझाच विषय. राहते इथेच, पण कॉलेजला जायला दोन बस बदलून अडीच तास आणि यायला तितकेच. तिनेही जागा आहे का विचारलं, आणि मी मान वर न करता नाही म्हणालो. कधी निघालीच तर कळवा म्हणून तिने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, आभार मानले आणि गेली. शिव्या देऊन जाणारे मी चहापर्यंत विसरतो. हिचे आभार काही पचले नाहीत.

जागा आहे, भिंगरे. एकच आहे, पण सोमवारी तू विचारलंस तेव्हाही होती. रिक्त जागांची यादी माझ्या खणात तयार होती, फलकावर लावायची बाकी होती. तुझा फोन आला आणि मी ती लावलीच नाही. सव्वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. हो म्हणालो असतो तर तू आली असतीस, आणि येऊ नको म्हणणं मला जमलं नसतं. पण तुझ्याशी खोटं बोललो ते निभावायला त्या मुलीशीही खोटं बोलावं लागलं. आज सकाळी यादी लावली आणि तिला फोन केला. अकरा वाजता येऊन ती अर्ज भरून गेली. मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. तुझे गुण तिच्यापेक्षा जास्त आहेत. तू अर्ज केलास तर जागा तुला मिळेल, नाही केलास तर तिला. हे अर्ज मी हाताळणार नाही, परीक्षा विभागातल्या बाई हाताळतील, तसं साहेबांना सांगून आलो आहे. तेव्हा तुझं तू ठरव, तुझ्या त्या टेबलापाशी बसून ठरव. फक्त ठरेपर्यंत मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी ये म्हणेन.

तुझाच,
चार दिवस उशिरा खरं बोललेला
बाबा