वास का आला नाही

भोपाळ, रविवार

तीर्थरूप कमलआक्कास,
नीळकंठचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही ठीक. (मंजूषा तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृती ठणठणीत आहे.) प्रतीकच्या मुंजीसाठी आईचं पळी-पंचपात्र न्यायला तू बारा तारखेला येतेस, हे वाचून आनंद झाला. आपल्याकडच्या प्रत्येक बटूनं आचमन त्याच पळीनं केलं. त्याविषयी खाली लिहितो.

नातीची, शमिकाची, अकरावी चालू आहे. एम. पी. नगरच्या क्लासात तिला वितळलेल्या क्षारांचं विद्युत अपघटन शिकवलं. तिचं पाठ झालं, पण पटलं नाही, म्हणून मला विचारलं. (निवृत्त झाल्यापासून कोणी काही विचारत नाही, त्यामुळे विचारलं की मी जरा वाहवतो.) सोल्डरिंगसाठी आणलेलं झिंक क्लोराइड घरात होतंच. ते बाल्कनीत स्टोव्हवर, चिनीमातीच्या वाटीत वितळवलं आणि स्कूटरची बॅटरी काढून आणली. कॅथोडला पेन्सिलीतली काळी कांडी लावली. दुसरी कांडी मोडली, म्हणून अ‍ॅनोडला घरातली एक चांदीची वस्तू लावली. म्हटलं, चांदी खानदानी धातू, तिला काय होतंय!

मग वाटीकडे पाठ करून तासभर समजावलं, की कॅथोडवर जस्ताचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होतो, अ‍ॅनोडवर क्लोराइड आपला इलेक्ट्रॉन देतो आणि उग्र वासाचा क्लोरीन होतो. वळून बघतो तर कांडीवर खरंच चकचकीत कण धरलेले. मी “जस्त! जस्त!” म्हणत मंजूषाला हाका मारल्या. तेवढ्यात शमिका म्हणाली, “आबा, पण मग वास क्यों नहीं आ रहा?”

प्रश्न बिनतोड होता. क्लोराइडवर द्यायची पाळीच आली नव्हती. त्याच्या आधी चांदीनंच आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले, ती विरघळली आणि पलीकडच्या कांडीवर जाऊन बसली. जस्त नव्हतंच ते. हे सगळं पोरीनं सांगितलं, मी फक्त मान हलवली. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. आधी काय वाटलं ते आठवत नाही.

भाऊजींना नमस्कार, प्रतीकला आशीर्वाद.

तुझा,
नीळकंठ

ता. क. – ती वस्तू म्हणजे पळी. मधोमध शेंगदाण्याएवढं भोक आहे, पण दांड्यावरचं आईचं नाव शाबूत आहे. तरी येताना तुझ्याकडची पळी आणावीस, म्हणजे पंचपात्राबरोबर तीच परत नेता येईल, आणि मुंज होईपर्यंत भाऊजींना काही सांगू नयेस.

आणखी ता. क. – निघालेली चांदी काडेपेटीत जपून ठेवली आहे. मंजूषा (आजच बोलली) म्हणते, सासूबाई असत्या तर दोन दिवस जेवल्या नसत्या. खरं आहे. पण आपल्या आईची शाळा चौथीत सुटली होती, आक्का. तिसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं असतं, की पोरीला समजलं का?

समजलं.