तू धाडलेले पाहुणे

चंपत, जय भीम.

भाग्यश्रीच्या नर्सिंग कॉलेजची यादी अजून लागली नाही, अन् तू तिले पाहाले तामसीत माह्या घरी पाहुणे धाडले! तुले काऊन इतकी घाई? तुही पोरगी मोबाइल घेऊन यादी लागली का ते पाहून राह्यली होती. तिले म्हटलं, तू उठू नको. चहा मीच नेला अन् त्यायच्या समोर पाटावर बसली.

"विचारा, काय विचारायचं ते."

नवरदेवाचा बाप म्हणे, "आजी, पोरगी कुठं आहे?"

"मलेच पाहा. शिक्षण दुसरी. लग्नासाठी बापानं शाळेतून उठवलं."

चहा अर्धा ठेवून गेले.

पहिल्या यादीत नाव नाही आलं, तर दुसरीची वाट पाहू. हे पत्र आत्ता टाकत नाही, वाचून धावत येशील. ती हॉस्टेलात पोचली की टाकीन.

तुही माय,
पंचफुला