वन्स मोअरची व्यवस्था

सात रस्ता, सोलापूर
१२ ऑगस्ट २०२५

ती. शिवलीलाआत्या,
शि. सा. न. वि. वि. आणि वर एक शरणू शरणार्थी, कारण या खेपेला आशीर्वाद जास्त लागणार आहेत.

माझं आयुष्य काल संध्याकाळी सात वाजता बदललं. आमचं नाटक बसवणाऱ्या गंगाधरसरांनी माझ्या हातात नऊवारी लुगडं ठेवलं. १९१२ सालचं संगीत प्रहसन जसंच्या तसं करायचं, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत, म्हणून नायिका मी. नायक सुबोध. त्याला आवाज नाही, पण फेटा शोभतो म्हणे. ज्या ज्ञानदासाठी मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून या नाटकात शिरलो, ती खाली बसून ऑर्गन वाजवणार. म्हणजे प्रेम तिच्यावर आणि लाजायचं सुबोधकडे बघून. कलेची सेवा म्हणतात ती हीच असावी.

बाबांना सांगू नकोस. फोनवर मी ओरडतो म्हणालीस, म्हणून हे पत्र. बघ, किती शांत आहे.

तुझ्या मायेवर टिकून असलेला,
नंदीश

अकलूज
१९ ऑगस्ट

चि. नंदीश यास अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान धरून.

तुझं शांत पत्र शेजारणीलाही ऐकू गेलं. तुझ्या बाबांना मी काही बोलले नाही. उलट तेच परवा कौतुकानं सांगत होते की पोरगं अभ्यासानं वाळलंय. जरा तरी लाज वाटू दे.

त्या मुलीला विचारलंस का? तीस वर्षं शाळेत शिकवून एवढं कळलंय की ज्याला उत्तर ठाऊक असतं तो हात वर करतो. तू बाकाखाली लपलायस. फेरप्रवेशाचा फॉर्म भरून सोबत धाडते आहे, सही तेवढी कर. आणि निऱ्यांना पिना लाव, नाहीतर प्रहसन नको तितकं रंगेल.

माया आहे तशीच. उत्तर पोस्टानंच दे.
तुझी आत्या

सोलापूर
९ सप्टेंबर

ती. आत्या, शि. सा. न.

विचारायची गरजच काय? शेवटच्या प्रवेशात मी नायकाला नकाराचं पद म्हणतो आणि दार लावून निघून जातो. तालमीत ज्ञानदा रोज तेच पद तीन-तीनदा म्हणायला लावते. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच. आता यालाही तुला फॉर्म भरून पाहिजे का?

प्रयोग वीस तारखेला. सरांचा जुना नियम असा, की वन्स मोअर आला की पद पहिल्यापासून, पात्र बाहेर गेलेलं असलं तरी परत यायचं. म्हणून वळसंगचा माझा दोस्त बिभीषण आणि त्याची सात माणसं पुढच्या रांगेत बसवतोय. ज्ञानदाला माझ्यासाठी पुन्हा वाजवावंच लागेल की. आणि तुझ्या समाधानासाठी मध्यंतरात विचारूनही टाकतो.

विश्वास असू दे, थोडा उसना चालेल.
नंदीश

सोलापूर
२१ सप्टेंबर

ती. आत्या, शि. सा. न.

विचारलं. नाकात नथ घालून. ज्ञानदा म्हणाली, दसऱ्याला तिचा आणि सुबोधचा साखरपुडा आहे, मी नक्की यायचं. ते रोजचं तीन-तीनदा कशाला होतं, तेही विचारलं. तर म्हणे, पद संपल्यावर कुठं उभं राहायचं ते सुबोधच्या लक्षात राहत नव्हतं. त्याच्या सरावासाठी मी घसा फाडत होतो.

मग शेवटचा प्रवेश. जीव तोडून नकार दिला, दार लावलं. वळसंगकरांनी छप्पर उचललं. परत आत, परत नकार. बिभीषणला मी हातानं नको नको केलं, त्याला वाटलं अजून जोरात. आत्या, जिनं मला नाकारलं तिच्या सुरांवर, जो तिला मिळाला त्याला मी दोनदा नाकारलं. टाळ्या मात्र लई पडल्या.

फॉर्मवर सही केली, उद्या कॉलेजात देतो. बाबांना मीच सांगेन, न ओरडता.

लोभ कर, पण खिदळू नकोस.
नंदीश

ता. क. दुसराही वन्स मोअर आला. ऑर्गन सुरू झाला. सुबोध अचूक जागी उभा होता, सराव झालेला ना. मी पडद्यामागं होतो, तिथूनच काष्टा सावरत मागच्या जिन्यानं उतरलो आणि थिएटरचं खरं दार बाहेरून लावून घेतलं.