तुमचा रंधा आणि आमची सभा

तीर्थरूप बाबा, वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच मोठ्यानं वाचून दाखवा, पुढचं मनात वाचा.

तुम्ही दिलेला रंधा गेला. मी अजून सुन्न आहे.

आमच्या सुतारखान्यात मालक नाही, मुकादम नाही. ही मंडळी अराजकवादी, सगळं सभेत ठरतं. काल माझी पहिलीच सभा, आणि माझ्या रंध्यावरून वाद निघाला की घरून आणलेली हत्यारं कुणाची. लंबू म्हणाला, सगळ्यांची. चष्मेवाला उसळला, "सरकार नको, पण बाजार मोकळा हवा. रंधा तिचा आहे, वाटलं तर ती विकेल." त्यावर पॉलिशवाल्या मावशी म्हणाल्या, "ज्याचा हात सरस, त्याचं हत्यार. लंबूला द्या." मालकीच्या नावानं बोटं मोडणारा लंबू चक्क लाजला.

मग मावशींनी विचारलं, "कुणाची हरकत?" मी तोंडाला कुलूप लावून बसले. आपल्या घरी तुम्ही गप्प बसलात की आई समजते, नाही म्हणजे नाही. इथे गप्प बसणं म्हणजे होकार. हे मला लंबूनं रंधा उचलल्यावर कळलं.

आज तो त्याच रंध्यानं दाराची फळी साफ करतोय. काम सुरेख होतंय, तेच जास्त लागतं.

आईचा गुडघा कसा आहे? धाकटी अजून तुमच्या भुशात खेळते का?

बाबा, रागवा, हवं ते लिहा, पण गप्प बसू नका. तुमचं गप्प बसणं मला कळतं.

तुमचीच,
थोरली